गप्पीच्या नराचा पर

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मालगुजारी तलावांत ढिवर समाज ज्या रोहू, कटला, मरळ माशांवर पोट भरतो, त्यांचे फलन देहाबाहेर होते. मादी पाण्यात अंडी सोडते, नर त्यांवर शुक्र सोडतो. अशा नराला वेगळे मीलनेंद्रिय लागतच नाही. हिवतापाच्या डासअळ्या खाव्यात म्हणून याच भागात टाक्या-हौदांत सोडला जाणारा गप्पी मात्र पिल्लांना जन्म देतो आणि त्याचे फलन मादीच्या पोटात होते.

गप्पी मूळचा त्रिनिदाद व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. जन्मतः नर-मादीचा गुदपर, म्हणजे गुदद्वारामागचा पर, सारखाच दिसतो. नरात तोच पुढे मीलनेंद्रिय बनतो. वृषण पुरुषसंप्रेरक स्रवू लागले की नराच्या या परातील तिसरा, चौथा व पाचवा काटा लांबू लागतो. टोकाशी नवनवे सांधे जोडले जातात, काटे जाड होतात आणि शेवटी तिथे बारीक आकडे व दाते तयार होतात. आतली आधाराची हाडे आणि स्नायूही बदलतात. त्यामुळे दांड्यासारखा झालेला हा पर पुढे वळवता येतो. तो पोकळ नळी नाही. वळल्यावर त्याला पन्हळ पडते आणि तिच्यातून शुक्राणूंचे पुंजके मादीत जातात. इंद्रिय पूर्ण झाले की नराची वाढ जवळजवळ थांबते. म्हणून तो मादीपेक्षा लहान राहतो.

मादी हे शुक्राणू कित्येक महिने साठवते. त्यामुळे एकटी गाभण मादीही हौदभर वंश वाढवू शकते. पैदास केंद्राला हे सोयीचे असले, तरी नैसर्गिक तलावात हा परका मासा सोडताना हात आखडताच बरा.

असा पर घडवण्याची क्षमता मादीतही सुप्त असते. पुरुषसंप्रेरक दिल्यास तिचाही गुदपर लांबतो. गप्पीच्याच कुळातल्या गंबुशिया माशाच्या अशा नरसदृश माद्या अमेरिकेतील फ्लोरिडात कागद कारखान्याचे सांडपाणी मिसळते त्या जागेखालच्या प्रवाहात आढळल्या. १९८० मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले.

कोकण किनाऱ्यावरील मुशी व पाकट या माशांत शुक्राणू मादीत पोचवण्याचे हेच काम पोटाच्या परांच्या आतल्या कडेपासून वाढलेले दोन कूर्चामय दांडे करतात. वयात येताना ते लांबतात आणि ताठर होतात.

महाराष्ट्राचे खरे नवल मात्र किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यातला, दोन-तीन सेंटिमीटरचा पारदर्शक होराइक्थिस सेटनाय हा मासा. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० मध्ये त्याचे वर्णन केले. नाव सुंदरलाल होरा व सेटना या मत्स्यशास्त्रज्ञांवरून पडले. त्याच्या नराचाही गुदपराचा पुढचा भाग इंद्रिय झालेला असतो, पण शुक्राणू तो सुटे सोडत नाही. काटेरी टोकाच्या कुपीत बांधून ती मादीच्या जननद्वाराजवळ रुतवतो. मादीला उजव्या बाजूचा पोटाचा पर नसतोच. फलन आत होऊनही ती पिल्ले देत नाही. फलित अंडी बाहेर घालते.