सर्व खुशाल



एकाकीपणाविषयी बोलावयाचे तर आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. महाड-पोलादपूरच्या वरकस जमिनीवर नाचणी-वरी पिकवून पोट भरेना, म्हणून आपली कर्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गिरणीत गेली. लालबाग-परळच्या एकेका खोलीत गावचे कितीतरी जण पाळीपाळीने निजत आणि खाणावळीत जेवत. तेथे निदान गर्दी होती. एकटेपण आले ते गावी राहिलेल्या बायकांच्या वाट्यास.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि मनिऑर्डरी थांबल्या. आम्ही तेव्हा नुकतेच शाळेवर रुजू झालो होतो. गावची पत्रे मास्तरांनीच लिहावयाची, हा रिवाज. कणगीचा तळ दिसू लागला असताही माउली सांगे, "मास्तर, लिहा, इकडं सर्व खुशाल." उलट टपाली मुंबईहून उत्तर येई, त्यातही सर्व खुशालच! तिकडची उपासमार परतलेल्यांच्या तोंडून आमच्या कानी आलेली असे. परंतु पत्र वाचून दाखविताना आम्ही ती जिभेवर येऊ दिली नाही. यास कोणी असत्य म्हणोत, आम्ही म्हणत नाही.

संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कोणी रखवालदार झाला, कोणी भाजी विकू लागला, कोणी गावी येऊन नांगर धरला. पण गिरणीचा पास आणि फंडाचे कागद पत्र्याच्या पेटीत जपून राहिले. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरे झाली व २०१२ साली म्हाडाची पहिली सोडत निघाली, म्हणजे संपानंतर ३० वर्षांनी! घरे सुमारे ७ हजार, अर्ज लाखाहून अधिक. तोवर कित्येक पासांचे धनी निवर्तले होते. त्यांच्या विधवांनी अर्ज केले. एवढा काळ का लागावा, हे कोडे आम्हांस सुटलेले नाही.

२२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक जीव गेले. त्या वेळी मुंबईस असलेले काहीजण वाचले, आणि धावत आले तो घरही नाही व वाट पाहणारेही नाही.

हल्ली भ्रमणध्वनी आहे. पण त्यावरही आई "बरी आहे" एवढेच सांगते. म्हणून गणपतीस येणाऱ्या तरुणांना आमची विनंती, की एकदा कणगीत डोकावून पाहावे, औषधे उरली आहेत का ते पाहावे, आणि पेटीतील कागदांच्या प्रती काढून मंडळाच्या चिटणिसांकडे द्याव्यात. कागद जुने आहेत, घडीवर फाटतात, जपून उलगडावेत.