भागधारकांचा ताळेबंद आणि डहाणूचा हिशेब

(डहाणू व तलासरी तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. वनहक्काचे दावे, रोजगार हमीची मजुरी, वाढवणचे बंदर असे प्रश्न दारात उभे असताना कंपन्यांचे तिमाही निकाल आणि शेअरबाजाराची चढउतार यांच्याशी आपले काय देणेघेणे? देणेघेणे आहे. डहाणूच्या खाडीकाठी पावणेतीनशे मीटर उंचीची जी चिमणी आपण रोज पाहतो, तिची मालकी याच बाजारात हातोहात फिरली आहे.

हा क्रम एकदा नीट पाहू. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवण्यासाठी १९२९ साली स्थापन झालेल्या बीएसईएस कंपनीने हे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र १९९५ साली सुरू केले. २००३ मध्ये कंपनी रिलायन्सच्या ताब्यात गेली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरने मुंबईचा सगळा वीजव्यवसाय, डहाणूच्या केंद्रासह, सुमारे १८,८०० कोटी रुपयांना अदानी ट्रान्समिशनला विकला. २०२४ मध्ये केंद्र पुन्हा हलले आणि त्याच समूहातील अदानी पॉवरकडे गेले. मालक बदलले; कोळसा, राख, धूर आणि खाडीचे पाणी आपल्या जागी राहिले.

या शेवटच्या व्यवहाराकडे विशेष लक्ष द्या. जुलै २०२४ मध्ये अदानी एनर्जी सोल्यूशन्सने, म्हणजे पूर्वीच्या अदानी ट्रान्समिशनने, आपले तिमाही निकाल जाहीर केले. त्यांत सुमारे ८२४ कोटींचा तोटा होता. कारण डहाणूचे केंद्र वेगळे काढताना १,५०६ कोटींची ‘अपवादात्मक’ घट हिशेबात धरली गेली. पुस्तकातली किंमत मोठी आणि विक्रीची किंमत अवघी ८१५ कोटी, असा हा प्रकार. एखाद्या दुकानदाराला असा तोटा आला असता तर सावकाराने दुसऱ्या दिवशी दार ठोठावले असते. येथे उलटे घडले. निकालानंतर जेमतेम आठवड्याभरात मोठ्या संस्थात्मक गुंतवणूकदारांनी याच कंपनीचे नवे शेअर घेऊन ८,३७३ कोटी रुपये तिच्या हाती ठेवले.

गुंतवणूकदार वेडे नव्हते. त्यांच्या दृष्टीने तोटा एकदाच दाखवायचा होता आणि कोळशाचा डाग कंपनीच्या अंगावरून कायमचा जाणार होता. पर्यावरण, समाज आणि कारभार या कसोट्या लावून पैसे गुंतवणाऱ्यांना कोळसा नको असतो. म्हणून कोळसा एका वहीतून उचलून त्याच घराण्याच्या दुसऱ्या वहीत ठेवला गेला. पहिली वही स्वच्छ झाली. डहाणूच्या आकाशातला धूर या व्यवहाराने एका कणानेही कमी झाला नाही. हे बेकायदेशीर होते असे मी म्हणत नाही. कायद्याने मुभा असलेल्या व्यवहारातसुद्धा आपण कोठेच नसतो, हे मला दाखवायचे आहे.

यावर कोणी म्हणेल, हा बड्या भांडवलदारांचा खेळ, त्यात लहान माणूस नाही. हे खरे नाही. देशातील डीमॅट खात्यांची संख्या ऑगस्ट २०२२ मध्ये १० कोटींवर गेली आणि मार्च २०२४ पर्यंत १५ कोटींवर पोहोचली. त्यांत आपल्या घरचे शिक्षक, कारकून, निवृत्त कामगारही आहेत. त्यांना शत्रू मानण्याचे कारण नाही. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरच्या शेअरसाठी याच मंडळींनी रांगा लावल्या होत्या. ४५० रुपये दराचा तो शेअर बाजारात आला त्याच दिवशी ३७२ रुपयांपर्यंत घसरला. त्या वेळी दोन हजारांच्या वर असलेला रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरचा शेअर मार्च २०२० मध्ये वीस रुपयांच्याही खाली होता. चढत्या बाजारात लहान गुंतवणूकदाराला मालक म्हणतात; पडत्या बाजारात त्याला कोणी ओळखत नाही. डहाणूच्या मच्छीमाराला आणि चिकूच्या बागायतदाराला मात्र चढत्या बाजारातही कोणी विचारले नव्हते.

मग आपल्या बाजूने काय उभे राहिले? २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. धुरातील गंधक वेगळा काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ साली दिला. कंपनीने टाळाटाळ केली, न्यायालयात धाव घेतली. मध्यंतरी मालक बदलला. तरी आदेश बदलला नाही. ३०० कोटींच्या बँक हमीची अट घातली गेली आणि अखेर २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. आदेश एका मालकाला झाला, पाळावा लागला दुसऱ्याला. सगळ्या इतिहासातला हा धडा मी सर्वांत मोलाचा समजतो. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातील बहुसंख्य औष्णिक केंद्रांना याच यंत्रणेच्या सक्तीतून सूट दिली, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल अधिक कळेल.

तलासरीच्या साथींना हा धडा नवा नाही. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी गवतकापणीचा संप केला. येथले गवत मुंबईच्या बाजारात जात होते; बाजारभाव व्यापाऱ्यांना पाठ होता, कापणाऱ्याच्या मजुरीचा विचार त्यात नव्हता. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी कोणा एका जमीनदाराकडे नव्हती. ती प्रत्येक मालकाला लागू होणाऱ्या दराची होती. त्या लढ्यात १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड व त्यांचे साथी हुतात्मा झाले. गवत मुंबईला जात होते, आज वीज जाते. तेव्हाची मागणी मालकाच्या नावावर अवलंबून नव्हती, म्हणूनच ती टिकली.

आता वाढवणचे ७६,२२० कोटींचे बंदर येत आहे. त्याभोवती ठेके निघतील, कंपन्या स्थापन होतील, विकल्या जातील. प्रत्येक वेळी शेअरबाजार आपली प्रतिक्रिया देईल. आपली प्रतिक्रिया त्याआधी तयार हवी. त्यासाठी तीन कामे सुचवतो. कंपन्यांचे वार्षिक अहवाल कोणालाही पाहता येतात; प्रत्येक शाखेत ते वाचणारा एक तरी कार्यकर्ता तयार करा. राख, पाणी, कामगार आणि विस्थापित यांविषयीची प्रत्येक जबाबदारी मालमत्तेला चिकटलेली राहील आणि विक्रीबरोबर नव्या मालकावर येईल, अशी अट लेखी मागा. तोंडी आश्वासन देणारा उद्या येथे नसेल. आणि आपल्या ओळखीच्या लहान गुंतवणूकदारांना सांगा, की निकालाच्या कागदावर ‘अपवादात्मक बाब’ असे दोन शब्द दिसले तर त्यामागे एखादे गाव तर नाही ना, हे त्यांनी विचारावे.