कॉम्प्युटरच्या माकडासाठी रडू का आलं?

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक लवकर आटोपली, तेव्हा एका ताईच्या मुलाने लॅपटॉपवर 'किंग काँग' लावून दिला. 2005 सालचा, हिंदीत आवाज भरलेला, तीन तासांहून मोठा. निम्म्या जणी स्वयंपाकाला उठून जातील असं मला वाटलं होतं. गेल्या दोघीच. शेवटी काँग त्या उंच इमारतीवरून कोसळला, तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच स्वतःवरच चिडल्या. "कॉम्प्युटरचं माकड ते, अन् मी येडी रडतीया."

मावशी, तुमच्या त्या बोलण्यावरच आज मी बोलणार आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. अमेरिकेत मंदीचे दिवस. काम सुटलेली, पोटाला महाग झालेली अ‍ॅन नावाची नटी. डेनहॅम नावाचा सिनेमावाला तिला जहाजातून दूरच्या बेटावर नेतो. बेटावरचे लोक तिला काँगला, म्हणजे 25 फूट उंच गोरिलाला बळी देतात. (ते लोक इतके भेसूर का दाखवले, हे मला मुळीच पटलं नाही.) काँग तिला मारत नाही, जपतो. मग डेनहॅम काँगला बेशुद्ध करून न्यूयॉर्कला आणतो, साखळदंडात बांधतो आणि तिकीट लावून दाखवतो. काँग सुटतो, अ‍ॅनला घेऊन एम्पायर स्टेट बिल्डिंगवर चढतो आणि विमानांतून त्याला गोळ्या घालतात.

पहिला 'किंग काँग' 1933 सालचा. तेव्हा कुठला कॉम्प्युटर? विलिस ओब्रायन नावाच्या कारागिराने दीड-दीड फुटाच्या बाहुल्या वापरल्या. आत धातूचा सांगाडा, वर सशाची कातडी. बाहुलीचा हात जरासा हलवायचा, फोटो घ्यायचा, परत जरासा हलवायचा. पडद्यावरच्या एका सेकंदाला असे 24 फोटो लागतात. हलवणाऱ्याची बोटं लागून केस विस्कटायचे आणि पडद्यावर काँगच्या अंगावरचे केस थरथरताना दिसायचे. चूकच ती, पण तिनेच त्यात जीव आल्यासारखा वाटला.

न्यूझीलंडमधल्या नऊ वर्षांच्या एका मुलाने तो सिनेमा टीव्हीवर पाहिला आणि शेवटी तो रडला. बाराव्या वर्षी त्याने तार आणि आईच्या जुन्या फरच्या कपड्यातली फर घेऊन स्वतःचा काँग बनवायला घेतला. हाच तो पीटर जॅक्सन, आपण पाहिलेल्या सिनेमाचा दिग्दर्शक. म्हणजे मावशी, रडणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.

आता त्याच्या काँगचं सांगते. आपल्याकडे बहुरूपी आधी रंग, दाढी, कपडे चढवतो, मग सोंग काढतो. इथं उलटं. अँडी सर्किस नावाच्या नटाने आधी सोंग काढलं, कातडं नंतर चढलं. तो आफ्रिकेत रवांडाला जाऊन डोंगरातले गोरिला पाहून आला. ते कसे बसतात, कसे रुसतात, नजर कशी चुकवतात, सगळं शिकला. मग त्याच्या चेहऱ्यावर शंभराहून जास्त बारीक ठिपके चिकटवले. तो भुवई उचलायचा, ओठ मुडपायचा, ते कॅमेरे टिपायचे आणि कॉम्प्युटरवाले तीच हालचाल गोरिलाच्या चेहऱ्यावर बसवायचे. नाओमी वॉट्स, म्हणजे अ‍ॅन झालेली नटी, शूटिंग करताना रिकाम्या हवेकडे बघत नव्हती. सर्किस तिच्यासमोर उंचावर उभा राहून गुरगुरायचा आणि ती त्याच्या डोळ्यांत बघायची. गंमत म्हणजे जहाजावरचा तो कळकट स्वयंपाकीसुद्धा तोच आहे.

सिनेमात डायनासोरांची मोठी पळापळ आहे. केवढा खर्च झाला असेल! पण आमच्या बायका तेव्हा चहा ओतत होत्या. कुणाचा जीव त्यात अडकलेला नव्हता. चहाचे कप खाली राहिले ते पुढे, अ‍ॅन काँगसमोर कोलांट्या मारते तेव्हा. ती नाटकात लोकांना हसवून पोट भरणारी बाई. जीव वाचवायला तिच्याकडे तेवढंच कसब आहे. काँगला मजा येते, तो तिला बोटाने पाडतो, परत पाडतो. शेवटी ती थकते आणि ठणकावून 'नाही' म्हणते. तो चिडतो, आदळआपट करतो, पण तिला हात लावत नाही. त्याच्या राहण्याच्या जागी त्याच्यासारख्यांचे सांगाडे पडलेले आहेत. त्याच्या जातीचं आता कुणी उरलेलं नाही, हे तिथं एकही शब्द न बोलता कळतं.

1933 च्या सिनेमातली अ‍ॅन शेवटपर्यंत किंचाळतेच. नव्या सिनेमातली अ‍ॅन न्यूयॉर्कच्या त्या खेळात उभी राहायला नकार देते. तिच्या जागी दुसरीच सोनेरी केसांची मुलगी बांधतात. काँग तिच्याकडे निरखून बघतो आणि ही ती नव्हे हे त्याला कळतं. तेवढ्या एका नजरेसाठी मी त्या सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांना शंभरपैकी शंभर देईन. त्यांना ऑस्करही मिळालं. मावशी, तुम्ही रडलात ते माणसाच्या डोळ्यांना बघून. फसल्या नाहीत तुम्ही.

पण भांडण वेगळंच आहे. काँग मरून पडतो, गर्दी जमते, कुणी म्हणतं विमानांनी मारला. तर डेनहॅम म्हणतो, विमानांनी नाही, सौंदर्याने मारलं! जुन्या सिनेमातही तो हेच बोलतो. आमच्या मावशी डोळे पुसता पुसता ताडकन म्हणाल्या, "आणला ह्यानं, बांधला ह्यानं, पैसं ह्यानं खाल्लं. अन् नाव बाईचं?"

अहो, ती बाई तर विमानांपुढे हात हलवत, नको नको म्हणत उभी होती! आपण सगळ्यांनी पाहिलं. मी घरी येऊन वाचलं, तर जुन्या सिनेमातली अ‍ॅन, फे रे, हिच्या तोंडी हे शेवटचं वाक्य द्यायचं जॅक्सनच्या मनात होतं. पण 2004 साली ती वारली. तिने म्हटलं असतं तर कदाचित वेगळं वाटलं असतं. डेनहॅमच्या तोंडी ते हात झटकल्यासारखंच वाटतं. आणि गोळ्या झाडणाऱ्या एका विमानात खुद्द जॅक्सन बसलाय. लहानपणी रडलेला तोच मुलगा. त्याचा हिशोब मला अजून लागलेला नाही.

मी मावशींना मोबाईलवर सर्किसचा ठिपके लावलेला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. "डोळं त्येचंच हायेत," म्हणाल्या.

पुढच्या बैठकीला 1933 चा दाखवणार आहे. काळा-पांढरा आहे, इंग्रजीत आहे, मी मधेमधे सांगत जाईन. येताना हप्ता घेऊन या. मागच्या वेळी पिक्चरच्या नादात तिघींचा राहिलाय.