लायकी न विचारणारी कृपा

ख्रिस्ती शिकवणीबद्दल एक शंका फार जुनी आहे, आणि ती बाहेरचेच घेतात असे नाही. ख्रिस्ती घरांतही ती दबक्या आवाजात निघते. देवाचे प्रेम कमवावे लागत नाही, तारण फुकट मिळते, असे एकदा सांगून टाकले की मग माणसाने धडपडायचे कशाला? नीतीने वागायचे कशाला? ही शंका खुद्द पौलालाही सोडवावी लागली. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 6व्या अध्यायाची सुरुवात याच प्रश्नाने होते, आणि त्याचे उत्तर ठाम नकाराचे आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, हे सांगून झाल्यावर लगेच पुढच्या ओळींत माणूस सत्कृत्यांसाठीच घडवला गेला आहे, असेही म्हटले आहे. सत्कृत्ये तिथे आहेतच, पण ती कृपेच्या आधी येत नाहीत, मागून येतात. या क्रमात माझ्या मते ख्रिस्ती जीवनाचे सारे मर्म आहे. आपण लायक आहोत की नाही हा घोर संपला, की माणूस दुसऱ्याची लायकी तपासायचेही सोडतो आणि त्याचे हात खऱ्या अर्थाने कामाला मोकळे होतात. याचा पुरावा शोधायला फार लांब जायला नको. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे काम तिथेच उभे राहिले.

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्यांना आईकरवी संस्कृत शिकवले आणि सारे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत देशभर फिरले. व्रते, उपास, दानधर्म यांत जवळचे होते नव्हते ते संपले. 1874च्या सुमारास दुष्काळात आई-वडील गेले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. पुण्य गाठीला बांधण्यासाठी एका कुटुंबाने याहून जास्त काय करायचे? पुढे 1883मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथल्या ख्रिस्ती जोगिणींनी त्यांना लंडनमधील फुलम येथे एक आश्रम दाखवला. समाजाने पतित ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांची तिथे सेवा चालत असे. या बायकांची इतकी काळजी का, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकवली गेली. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली, पाच नवरे होऊन गेलेली ही बाई. तिच्याकडे येशू स्वतः पाणी मागतो. बोलण्याच्या ओघात तिचे आयुष्य उलगडते, पण आधी सुधारून ये अशी अट तिला कोणी घालत नाही. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटिज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

तरीही रमाबाईंच्या मनाची तळमळ तेवढ्याने शमली नाही. 1907च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षे त्यांच्या हाती ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. देवापुढे उभे राहण्यासाठी आधी काही होऊन दाखवावे लागत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला 1891च्या सुमारास पटली. सुरुवातीची ती शंका खरी असती तर येथून पुढे त्यांचे काम ढिले पडायला हवे होते. झाले उलटेच. 1889मध्ये मुंबईत उघडलेले शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. जात कोणती, घराणे कोणते, पूर्वायुष्य कसे, हे त्यांनी केडगावला उभारलेल्या मुक्ती सदनाच्या दारात आडवे आले नाही. 1900च्या सुमारास तिथे जवळपास दोन हजार माणसे राहत होती. पतित म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळे मुलीच चालवत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि थोडेफार शिकलेल्या बाईलाही समजेल अशा साध्या मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल उतरवले. त्याचे खिळे त्याच मुलींनी जुळवले. हाडाच्या कष्टाळू बाई होत्या, त्यांनी एरवीही काही ना काही केलेच असते, असे कोणी म्हणेल. केले असते, हे मान्य. पण दार इतके रुंद का झाले, याचा उलगडा कष्टाळूपणाने होत नाही.

इथे दुसरी शंका पुढे येते, आणि ती मला पहिलीपेक्षा वजनदार वाटते. ही कृपा न्यायाला सोडून नाही का? मत्तयाच्या 20व्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी पहाटेपासून राबलेल्यांना आणि संध्याकाळी तासभरच काम केलेल्यांना सारखीच मजुरी देतो. पहाटेचे कुरकुरतात, आणि आपणही मनातून त्यांच्याच बाजूचे असतो. पण शेवटच्या मजुरांचे उत्तर नीट ऐकायला हवे. दिवसभर का उभे राहिलात, असे विचारल्यावर ते सांगतात की आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही. आपल्याकडच्या मजूर नाक्यावर सकाळी धडधाकट गडी आधी उचलले जातात. म्हातारा, दुबळा, अंगात ताप असलेला मागे राहतो. त्याच्या घरची चूल मात्र पूर्ण दिवसाचेच धान्य मागते. धन्याने ठरलेल्या मजुरीतून पहाटेच्या मजुराचा एक पैसाही कापला नाही. त्याने पुढे एवढेच केले, की ज्यांना कोणी निवडले नव्हते त्यांनाही पोटापुरते दिले. न्याय इथे पायदळी गेलेला नाही. तो पुरा करून प्रेम त्याच्या पलीकडे गेले आहे.

कृपेचा गैरवापर होतो, हे मात्र नाकारण्यात अर्थ नाही. नाझी राजवटीत जर्मन चर्चमधले पुष्कळ जण मूग गिळून बसले असताना डीट्रिश बोनहॉफर या धर्मशास्त्रज्ञाने 1937च्या ग्रंथात स्वस्त कृपेवर कडक टीका केली. क्षमा हवी पण पश्चात्ताप नको, ख्रिस्त हवा पण त्याच्या मागे जाणे नको, ही ती स्वस्त कृपा. एप्रिल 1945मध्ये त्याच राजवटीने त्यांना फाशी दिले. कृपा आणि कर्म यांवरून कॅथलिक आणि लूथरन मंडळ्या साडेचारशे वर्षांहून अधिक काळ भांडल्या. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे त्यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. देव माणसाला स्वीकारतो तो केवळ कृपेने, आणि हाच स्वीकार त्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, हे दोघांनी मिळून मान्य केले.

उरतो तो आक्षेप आपल्या महाराष्ट्रातला आहे. 1893मध्ये शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या कारणावरून वादळ उठले. केसरी वृत्तपत्राने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पोटात अन्न नसलेल्या पोरक्या मुलीने आश्रयदात्याचा धर्म पत्करला, तर तिची संमती कितपत मोकळी? हा प्रश्न द्वेषातून आला म्हणून झटकून टाकता येत नाही. रमाबाईंचा स्वतःच्या श्रद्धेने उघडपणे जगण्याचा हक्क मला मान्य आहे, त्यांच्या हेतूबद्दल मला संशय नाही. पण भाकरीच्या बदल्यात प्रार्थना मागितली जात असेल, तर तो सौदा होतो, आणि त्याला कृपा म्हणण्याचा अधिकार ख्रिस्ती माणसालाच सर्वांत कमी आहे. हीच कसोटी आपल्या मंडळ्यांनाही लावायला हवी. प्रभुभोजनाला एका मेजाशी येणारी कुटुंबे मुलामुलींची लग्ने ठरवताना पूर्वीची जात विचारतात, हे आपल्याला माहीत आहे. देवाने आपली लायकी विचारली नाही, असे दर रविवारी म्हणायचे आणि सोमवारी दुसऱ्याची विचारायची, हे जोवर चालते तोवर शेजाऱ्याने आपल्या शिकवणीवर शंका घेतली तर रागावण्याचे आपल्याला कारण नाही.