बहात्तर तास आणि पहिला प्रश्न



यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीसारख्या गावी दवाखान्याच्या बाकावर सकाळी कोण बसले होते, हे संध्याकाळपर्यंत पारावर कळते. अशा गावात सोळा वर्षांची पोर "पोट दुखतंय" म्हणून आली आणि मनात तिच्या दुसरीच काळजी असली, तर तिने बोलावे कसे? समोर बसलेला डॉक्टरही नवखा, वैद्यकीय महाविद्यालयातून गावी शिकाऊ नेमणुकीवर आलेला.

त्याने आधी सोबतच्या आईला किंवा आत्याला घटकाभर बाहेर बसवावे. नर्सबाईंना मात्र खोलीतच ठेवावे. "असं का केलंस?" हे विचारूच नये. "किती तास झाले?" हे विचारावे. आणि हळूच, "कुणी जबरदस्ती तर केली नाही ना?"

तास मोजायचे ते अशासाठी, की दीड मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेलची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते. जितकी लवकर, तितका गुण अधिक. ती मुख्यतः स्त्रीबीज सुटणे लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडीत नाही, आणि ती रोज घेण्याचीही गोळी नव्हे. पाळी आठवड्याहून अधिक लांबली, तर तपासणी हवीच.

आता अवघड गोष्ट. "कुणालाच सांगणार नाही" असे वचन डॉक्टराने देऊ नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलीशी आलेला शरीरसंबंध, राजीखुशीचा असला तरी, गुन्हा ठरतो. कळल्यावर वर्दी द्यावीच लागते. हे मुलीला तिने सारे सांगण्याआधीच सांगावे. ती घाबरेल, कदाचित उठूनही जाईल. म्हणून त्याच दमात हेही सांगावे, की तातडीचा उपचार कुठल्याही कागदासाठी अडवता येत नाही. गर्भपाताची वेळ आलीच, तर मुलीने व पालकांनी विनंती केल्यास वर्दीत तिचे नाव देण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्दीचे बंधन तुमच्यावरही आहे. पण त्याआधीचे काम मोठे आहे. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणारे र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापकच होते. शरीराची माहिती त्यांनी गणितासारखीच, न लाजता, न रागावता सांगितली. तुमच्या वर्गात मुलीने हे शब्द एकदा नीट ऐकलेले असले, तर दवाखान्यात तिची जीभ अडखळणार नाही, आणि बहात्तरातले निम्मे तास भीतीपोटी वाया जाणार नाहीत.