अद्भुत कादंबऱ्या : काय वाचावे, कोठून सुरुवात करावी

अद्भुत कादंबरीत काहीही घडू शकते, असे न वाचणाऱ्यांना वाटते. तसे खरेच असते तर वाचकाला कशाचीच धास्ती उरली नसती. नायक कितीही संकटात सापडला तरी पुढच्या पानावर मंत्र पुटपुटून सुटणार, हे आधीच कळले असते. या प्रकारातल्या टिकून राहिलेल्या कादंबऱ्यांमध्ये जादूला कायदा असतो आणि ती वापरणाऱ्याला किंमत मोजावी लागते. मराठी वाचकाला ही रचना वेताळ पंचविशीत लहानपणीच भेटलेली असते. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होणार. बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळणार. दोन्हीकडून अडचण, आणि त्या अडचणीवरच गोष्ट चालते. पुढची पुस्तके याच कसोटीवर निवडलेली आहेत.

टॉल्किन : कायद्यापायी बदललेले प्रकरण

जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) हा ऑक्सफर्डमधला जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक. ‘द हॉबिट’ (१९३७) ही मुलांसाठीची कादंबरी आटोपशीर आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून करणे सोयीचे. तिच्या पाचव्या प्रकरणात बिल्बो हा हॉबिट जमिनीखालच्या अंधारात गॉलम नावाच्या प्राण्याशी कोड्यांची पैज लावतो. पहिल्या आवृत्तीत पैज हरलेला गॉलम अंगठी बक्षीस द्यायला राजी होता. ती सापडेना, तेव्हा त्याने माफी मागून बिल्बोला बाहेरची वाट दाखवली. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना तीच अंगठी बाळगणाऱ्याचे मन पोखरणारी ठरली. अशी वस्तू कोणी राजीखुशीने देऊन टाकेल, हे मग बसेना. टॉल्किनने प्रकरण नव्याने लिहिले, ते १९५१च्या आवृत्तीत आले, आणि आधी छापलेली हकीकत म्हणजे बिल्बोने मारलेली थाप, अशी कथेतच सोय लावली गेली.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४–५५मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात संथ आहे. हॉबिटांच्या चालीरीती आणि त्यांची तंबाखू यांवरचे प्रास्ताविक पहिल्या वाचनात वगळले तरी काही बिघडत नाही. ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मुग्धा कर्णिक यांनी ती मराठीत आणली आहे.

ल ग्विन : जादूगाराचे शिक्षण

अर्सुला ल ग्विन (१९२९–२०१८) हिची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) दोनशे पानांच्या आसपासची आहे. तिचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ. वेगवेगळ्या समाजांकडे बरोबरीच्या नात्याने पाहण्याची सवय तिच्या लेखनात जागोजागी दिसते. तिचा नायक गेड तांबूस-सावळ्या वर्णाचा आहे. त्या काळी इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांचे नायक सहसा गोरे असत.

अर्थसी हा बेटांचा प्रदेश. तेथे प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते आणि ते जाणणाऱ्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. गेड हा गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा मुलगा. मावशीच्या तोंडून ऐकलेले शब्द तो शेळ्यांपुढे म्हणतो. शेळ्या येतात, त्याला घट्ट वेढतात आणि काही केल्या हटत नाहीत; मावशीला येऊन त्याला सोडवावे लागते. बोलावणे जमले, सोडणे शिकायचे राहिले. हीच चूक पुढे जादूविद्येच्या शाळेत मोठ्या प्रमाणावर होते. प्रतिस्पर्ध्यापुढे मिरवण्यासाठी गेड मृत स्त्रीचा आत्मा बोलावतो आणि त्या फटीतून एक काळी छाया जगात शिरते. ती फट बुजवताना म्हातारा मुख्य आचार्य सारी शक्ती वेचून मरण पावतो. गेडच्या चेहऱ्यावर व्रण राहतात. उरलेली कादंबरी त्या छायेच्या पाठलागाची आहे. ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ आणि ‘द फार्देस्ट शोअर’ हे पुढचे दोन भाग क्रमानेच वाचावेत. चौथा भाग ‘तेहानू’ (१९९०) प्रौढ वाचकासाठी आहे. सत्ता गेलेल्या माणसाचे आणि बायकांच्या वाट्याला आलेल्या आयुष्याचे प्रश्न त्यात येतात.

एंड आणि क्लार्क : सौद्यांच्या गोष्टी

मिशाएल एंड या जर्मन लेखकाची ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ (१९७९) चित्रपटामुळे माहीत असते. पण १९८४चा तो चित्रपट कादंबरीच्या साधारण अर्ध्यावरच थांबतो. खरी गोम उत्तरार्धात आहे. बास्तियान हा एकलकोंडा मुलगा पुस्तकातल्या जगात पोहोचतो. तेथे त्याची प्रत्येक इच्छा पुरी होते आणि दर इच्छेमागे त्याची एक आठवण पुसली जाते. सगळ्या आठवणी संपलेल्या माणसांचे एक शहर त्याला लागते. तेथली माणसे अक्षरांचे फासे टाकत बसलेली असतात. त्यांना गोष्ट सांगता येत नाही, म्हणून अक्षरे आपोआप जुळण्याची वाट पाहायची. कल्पनेत रमण्याचे गुण गाणाऱ्या पुस्तकानेच तिचा धोका इतक्या स्पष्टपणे सांगावा, हे विरळा. मूळ आवृत्ती दोन रंगांच्या शाईत छापलेली होती. शक्य तर तशीच प्रत मिळवावी.

सुझाना क्लार्कची ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ (२००४) नेपोलियनच्या काळातल्या इंग्लंडमध्ये घडते. नॉरेल हा जादूगार मंत्र्याच्या मृत वाग्दत्त वधूला उठवण्यासाठी एका यक्षाशी करार करतो : तिचे अर्धे आयुष्य यक्षाचे. नॉरेल समजतो, उत्तरार्धातली वर्षे जातील. यक्ष घेतो रात्री. ती बाई रोज रात्रभर त्याच्या वाड्यात नाचते, दिवसा थकून पडून असते, आणि सांगायला तोंड उघडले की भलत्याच गोष्टी बोलू लागते. ही कादंबरी आठशेच्या आसपास पानांची आहे, तळटीपाही लांबलचक आहेत. त्या मात्र वगळू नयेत, कारण जादूचा सगळा इतिहास त्यांत आहे. एवढा वेळ नसेल त्याने क्लार्कचीच ‘पिरानेसी’ (२०२०) घ्यावी. ती दोन-तीन बैठकांत संपते.

प्रॅचेट : हसवणारे जग

टेरी प्रॅचेटच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेत १९८३ ते २०१५ या काळात ४१ कादंबऱ्या आल्या. कासवाच्या पाठीवर चार हत्ती आणि त्यांच्यावर ताटासारखे सपाट जग, ही मांडणी भारतीय वाचकाला परकी वाटणार नाही. आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक कादंबऱ्या स्वतंत्र वाचता येतात. पहिल्या दोन कच्च्या आहेत. ‘गार्ड्स! गार्ड्स!’ (१९८९) किंवा ‘स्मॉल गॉड्स’ (१९९२) यांपासून सुरुवात करावी.

प्रॅचेटचा विनोद पैशापाण्याच्या व्यवहारातून येतो. ‘मेन अ‍ॅट आर्म्स’मध्ये पहाऱ्याचा कप्तान व्हाइम्स बुटांचा हिशोब मांडतो. चांगले बूट पन्नास डॉलरना मिळतात आणि दहा वर्षे टिकतात. गरिबाला ते परवडत नाहीत, म्हणून तो दहा डॉलरचे घेतो, ते एक-दोन हंगामांत फाटतात. दहा वर्षांत त्याचे शंभर डॉलर जातात आणि पाय ओलेच राहतात. गरिबी महाग का पडते, हे सांगायला इंग्रजी लेखनात आज हा हिशोब वारंवार दिला जातो.

जेमिसिन : भूकंपाचे राजकारण

एन. के. जेमिसिन या अमेरिकी लेखिकेच्या ‘ब्रोकन अर्थ’ त्रयीतल्या तिन्ही भागांना २०१६, २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ ह्यूगो पारितोषिके मिळाली. एका त्रयीच्या सगळ्या भागांना ते मिळण्याची ही पहिलीच वेळ. ‘द फिफ्थ सीझन’ (२०१५) हा पहिला भाग वारंवार भूकंपांनी हादरणाऱ्या खंडावर घडतो. काही माणसांना भूकंप थोपवता येतात. त्यासाठीची ऊर्जा ती आसपासच्या हवेतून आणि जिवांतून ओढतात. भोवती दहिवराचे वर्तुळ उमटते आणि त्यात सापडलेला जीव गोठून मरतो. समाज त्यांच्यावर जगतो, त्यांना शिवी देऊन हाक मारतो आणि पहारेकरी नेमून ताब्यात ठेवतो. येथे किंमत एकाने मोजायची आणि फायदा दुसऱ्याने घ्यायचा, असा व्यवहार आहे. बराच भाग ‘तू’ला उद्देशून लिहिलेला असल्याने पहिली पन्नास पाने जड जातात.

जोडवाचन

या कादंबऱ्यांच्या जोडीला तीन पुस्तके ठेवावीत. पहिले सोमदेवाचे ‘कथासरित्सागर’. ११व्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या या ग्रंथात गोष्टीच्या पोटात गोष्ट येते आणि वेताळाच्या कथाही त्यातच आहेत. दुसरा टॉल्किनचा परीकथांवरचा निबंध, जो मुळात १९३९मध्ये दिलेले व्याख्यान होता. कल्पित जगावर वाचकाचा विश्वास कसा बसतो, याची मीमांसा त्यात आहे. तिसरे डायना विन जोन्सचे ‘द टफ गाइड टू फँटसीलँड’ (१९९६). प्रवासी मार्गदर्शिकेच्या थाटात ते या प्रकारातल्या झिजलेल्या युक्त्यांची टर उडवते : घोडे कधी दमत नाहीत आणि जेवणाला बघावे तेव्हा रस्साच असतो. निकृष्ट पुस्तक ओळखायला ते फार उपयोगी पडते.

वाचनाचा क्रम

दहा-बारा वर्षांच्या वाचकाला ‘द हॉबिट’ आणि एंड द्यावेत. मराठीतून सुरुवात करायची तर बाळ ऊर्ध्वरेषे यांनी अनुवादलेले ‘हॅरी पॉटर आणि परीस’ आहेच. पंधरा-सोळाव्या वर्षी अर्थसीचे पहिले तीन भाग आणि प्रॅचेट. प्रौढ वाचकाने क्लार्क किंवा जेमिसिनपासूनही सुरुवात करायला हरकत नाही. लांबलचक मालिका मात्र शेवटी ठेवाव्यात. रॉबर्ट जॉर्डनची ‘व्हील ऑफ टाइम’ १४ खंडांची आहे. २००७मध्ये तो वारल्यावर शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसनने पुरे केले. जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या मालिकेचा पाचवा खंड २०११मध्ये आला आणि कथानक तेथे अर्धवट थांबलेले आहे. अपुऱ्या गोष्टीची हुरहुर सोसणार असेल त्यानेच ती हाती घ्यावी.