खालाच्या नावाने काय द्यायचं?

(सोलापुरात तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डॉक्टर नाही, आलिमही नाही. पण विद्यापीठं आणि वैद्यकीय संस्था सार्वजनिक आरोग्याचं जे काम करतात, त्याला आपण मदत कशी करायची, यावर बोलायला मी उभा आहे. कारण घरचंच आहे.

माझी खाला सोलापुरात विड्या वळायची. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. तिने कुणाला सांगितलं नाही. २०१६ मध्ये निदान झालं, गर्भाशयमुखाचा कर्करोग, तोही पुढच्या टप्प्यातला. वर्षाच्या आत ती गेली.

चाळिसाव्यासाठी घरात पैसे जमले. मी म्हटलं, जेवण नको, हे पैसे कर्करोगाच्या कामाला देऊ. तिची मुलगी, आमची आपा, म्हणाली, "अम्मीला लोकांना खाऊ घालायला आवडायचं. जेवण होईल. पण निम्मे पैसे तू म्हणतोस तिकडे दे." मी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एका आवाहनाला ते पाठवून दिले. पावती आजतागायत आलेली नाही. वर्षभराने आपाने विचारलं, "बाबू, अम्मीचे पैसे कुठे गेले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या लाजेपोटी मी वाचायला लागलो, आणि कळलं की ज्या आजाराने खाला गेली, त्यावरचं जगभर नावाजलेलं काम आपल्या बार्शीतून झालेलं आहे. बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथे १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या भागांतल्या गावांत कार्यकर्ते जायचे, सभा घ्यायचे, लक्षणं समजावून सांगायचे, रुग्णांची नोंद ठेवायचे. नुसत्या त्या बोलण्याने बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. यंत्र नाही, इमारत नाही. फक्त चालत जाणारी माणसं.

पुढे १९९९ मध्ये मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. त्यासाठीचा पैसा गेट्स फाउंडेशनकडून आला होता.

दुसरी बाजूही सांगतो. तुलनेसाठीच्या गटातल्या ३१ हजारांवर बायकांची अभ्यासात तपासणी झाली नाही. त्यांच्यातल्या ६४ जणी या आजाराने गेल्या. हे योग्य होतं का, यावर पुढे बराच वाद झाला. म्हणून देणाऱ्याने श्रद्धेने द्यावं, पण प्रश्न विचारूनच द्यावं.

आणि मला बोचतं ते हे: अभ्यास छापून आल्यानंतर सात वर्षांनी माझ्या खालाला निदान कळलं. ज्ञान शेजारच्या जिल्ह्यात होतं. ते घेऊन तिच्या गल्लीत येणारं माणूस नव्हतं. आपले पैसे त्या माणसासाठी हवेत.

आता देण्याच्या वाटा.

पहिली, दरमहा थोडं. एकदाच दहा हजार देण्यापेक्षा दरमहा पाचशे संस्थेला जास्त उपयोगी, कारण पगार दरमहा द्यावा लागतो. आपल्याला यंत्रावर नावाची पाटी आवडते. पण यंत्र पडून राहतं, कारण चालवणाऱ्याचा पगार आणि चाचणीचं सामान कुणी दिलेलं नसतं.

दुसरी, मूळनिधी. मुद्दल राखायचं आणि उत्पन्नातून विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती किंवा कार्यकर्तीचं मानधन द्यायचं. वक्फची कल्पना आपल्याला नवी नाही. दहा चुलतभाऊ-मावसभाऊ मिळून हे करू शकतात. पैसे कुठे गुंतवले जाणार, हेही आधी विचारा.

तिसरी, कंपनी. आयटीत असाल तर एचआरला विचारा. काही कंपन्या कर्मचाऱ्याने दिले तेवढेच पैसे स्वतःही घालतात.

चौथी, कौशल्य. फॉर्म, तक्ते, माहितीची साफसफाई हे आपलं रोजचं काम. पण रुग्णांच्या माहितीला हात लावायचा तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी हवी. "डेटा द्या, मी बघतो" असं चालणार नाही.

जकातचा प्रश्न दरवेळी येतो. गरीब रुग्णाच्या उपचाराला जकात देता येते. पण संशोधन आणि पगार यांसाठी चालत नाही, असं बरेच उलेमा मानतात, कारण जकात गरजूच्या मालकीची व्हावी लागते. आपापल्या आलिमांना विचारा. सदक्याला तशी अट नाही, आणि लोकांच्या उपयोगी पडत राहणारं काम सदका-ए-जारियात येतं.

माझ्या चुकीवरून शिकलेलं: खातं संस्थेच्या नावावर आहे का पाहा, कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर पाठवू नका. पैसे कशासाठी, ते लेखी कळवा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचं असेल तर डीनच्या कार्यालयात लेखी विचारा. पावती आणि करसवलतीचा दाखला मागा. ती सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. आखातातला भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले त्याचे पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. नागरिकत्व बदललेल्या नातेवाइकाचे धरले जातात; मग संस्थेकडे परदेशी देणगीची परवानगी लागते.

शेवटची वाट बिनपैशाची आहे. अम्मी, खाला, फुफी, कुणी तिशीच्या पुढे असेल तर तिला तपासणीला घेऊन जा. दारात सर्वेक्षणाला मुलगी आली तर "घरी कुणी नाही" म्हणू नका. पाणी द्या, बसवा. काम समजून घ्या, पटलं तर उत्तरं द्या. सव्वा लाखाहून जास्त बायकांनी आपला वेळ आणि आपली माहिती दिली, म्हणून तो अभ्यास उभा राहिला. पाटीवर त्यांचं कुणाचंच नाव नाही.

गेल्या वर्षी आपा स्वतः तपासणी करून आली. जाताना म्हणाली, "अम्मीच्या नावाने." त्या दिवसापासून माझा दरमहाचा हप्ता सुरू आहे. त्याच्या पावत्या मी तिच्याकडेच ठेवायला देतो.